अणूचा टेम्पो पाटोद्याला

प्रवासवर्णन म्हटलं की विमान लागतं, निदान रेल्वे तरी. माझ्या प्रवासात होता एक छोटा हत्ती, म्हणजे माल वाहणारा तो लहान टेम्पो, आणि त्याचा डावा आरसा चिंधीनं बांधलेला. दिंद्रुडहून निघालो, तेलगाव, वडवणी, बीड, मांजरसुंबा करत पाटोद्याला पोचलो, आणि जे ठिकाण ठरलंच नव्हतं तिथंही शेवटी गेलो. नकाशावर बोट टेकवलं तर जवळजवळ अख्खा प्रवास बोटाखाली झाकून जाईल. तरी लिहिते, कारण त्या टेम्पोत आम्ही मुंबईच्या समुद्रकाठचं अणुसंशोधन केंद्र घालून नेलं होतं.

मी बी.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते आणि सांगत राहणार, कारण माझ्या आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला शिकवलंय आणि तिला हे मिरवायला दुसरी जागा नाही.

बीडच्या एका विज्ञान मंडळानं केंद्राच्या इतिहासाचे मोठे फलक करून घेतले होते. ते गावोगाव उभे करायचे आणि लोकांना समजावून सांगायचे, त्यासाठी माणूस हवा होता. मी म्हणाले, मी जाते. टेम्पोबरोबर चालक मिळाले रशीदचाचा, साठी ओलांडलेले, बीडचेच. फलकावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण दोन गावांत त्यांना माझं भाषण पाठ झालं, आणि मी अडखळले की ते मागून पुढचा शब्द टाकायला लागले.

शेवटच्या फलकाखाली ठेवायला मी शेंगदाण्यांची एक बरणी घेतली होती, आणि पहिली अणुभट्टी दाखवायला माजलगावातून माशांची काचपेटी आणली होती. तिच्यात पाणी भरायचं आणि तळाशी निळा दिवा सोडायचा. केंद्रातली पहिली भट्टी अशीच पाण्याच्या हौदात बसवलेली होती, एकोणीसशे छप्पन्न साली. चालू झाली की पाण्यातून निळा उजेड यायचा. तिचं नाव ठेवलं अप्सरा. इंधन बाहेरच्या देशातून आणलेलं, बांधणी आपल्या लोकांची, आणि बांधणाऱ्यांपैकी कुणीच त्याआधी भट्टी बांधलेली नव्हती. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक गावात दोनदा म्हणायचे. आधी कुणी केलं नाही म्हणून आमच्याकडं किती गोष्टी तशाच राहून जातात, ते मला माहीत आहे.

दिंद्रुड

पहिला कार्यक्रम आपल्याच गावात ठेवू नये. मी ठेवला. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात आणून बसवली आणि फलकांकडं पाठ करून माझ्याकडं बोट दाखवत राहिले. "ही आमची अणूची मास्तरीण." मी डोळे मोठे केले तर म्हणाले, "कावून? खोटं हाय का?"

लोकांचे प्रश्न चांगले होते. परळीच्या वीजघरात कोळसा जळतो तसंच तिथंही काही जळतं का, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, तिथं जळत काहीच नाही, अणू फुटतो आणि त्याचीच उष्णता निघते. "मग राख?" आमच्या जिल्ह्याला विजेच्या आधी राख आठवते. मी सांगितलं, कोळशासारखी राख नाही, पण मागं उरतं ते फार सांभाळून ठेवावं लागतं, आणि तेही काम त्या केंद्राला शिकावं लागलं.

नारायणतात्या पहिल्या फलकासमोरून हलेनात. त्यांचं मूळ गाव माजलगावच्या धरणाखाली गेलेलं. फलकावर डोंगर, झाडी, समुद्र आणि मधोमध मोकळी जागा दाखवलेली.

"पोरी, इथं आधी कोण राहत होतं?"

"कुणी नाही तात्या. समुद्रकाठ होता, झाडी होती."

"झाडी आपुआप हुती व्हय? नकाशात आमच्या बी गावाच्या जागी आता नुसतं निळं दाखवितेत. त्या निळ्याखाली माझी चूल हाय."

कार्यक्रम आवरल्यावर मोबाईलवर शोधत बसले. तात्यांचं खरं होतं. तिथं वस्त्या होत्या, बागा होत्या, आणि केंद्रासाठी त्या उठवल्या होत्या. सकाळी मी स्केचपेन घेतला आणि फलकाच्या खाली लिहिलं, "इथं आधी लोक राहत होते. त्यांनी जागा दिली." मंडळाला विचारलं नाही. तात्या टेम्पोपाशी आले, वाचलं, आणि म्हणाले, "दिली न्हवं, घेतली. पण आसू दे. निदान लिव्हलं तरी." मी 'दिली' खोडून 'त्यांची जागा घेतली' केलं आणि मग निघालो.

तेलगाव

तेलगावला साखर कारखान्याच्या तळावर उतरलो. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे, आणि मळीचा आंबूस वास, जो पहिल्या तासाला नकोसा होतो आणि नंतर कळत नाही. तोडीचे लोक कोप्यांत राहतात. कोपी म्हणजे कामट्या आणि उसाच्या पाचटाची झोपडी. त्यांच्यातली बरीच माणसं पाटोद्याकडची. मी ज्या मुलखात चालले होते, तो मुलूख मला आधी तेलगावातच भेटला.

जेवायला बसवल्यावर फरक कळला. आमच्याकडं ज्वारीची पांढरी, पातळ भाकर. त्यांची बाजरीची, काळसर, जाड, हातात घेतली की ऊब बराच वेळ टिकते. बरोबर शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी. चाचांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि आमच्या दिंद्रुडच्या भाकरीला कागद म्हणाले. मी ऐकून घेतलं.

उन्हं कलल्यावर कार्यक्रम झाला. पोरांनी धावत जाऊन चौथा फलक गाठला. "बाँब हितं हाय बे!" राजस्थानच्या वाळवंटातल्या चाचणीचा तो फलक. तिथं नेहमीच गर्दी होते. मी तो लपवत नाही, तोही त्या केंद्राचा इतिहासच आहे. फक्त तिथं दम धरून पुढं न्यावं लागतं. पुढचा फलक भिंतींचा. त्या दिवशी मला जरा चढलंच होतं. मी रंगवून सांगितलं की तिथं भिंती किती जाड असतात, शिसं कसं वापरतात, काम करणारा माणूस छातीवर बिल्ला लावतो, का तर अंगावर किती किरण पडले ते मोजायला. "किरणाला रंग नाही, वास नाही. अंगातून आरपार गेला तरी माणसाला कळत नाही!"

मला वाटलं, लोक थक्क झाले. बायांनी पदर ओढून घेतले होते.

पुढं बसलेली एक बाई म्हणाली, "मंग शेक देताना डाक्टर भाईर कावून पळतेत?"

आमच्या भागात कर्करोगाच्या किरणांच्या उपचाराला शेक म्हणतात. त्या केंद्रानं भट्टीत किरणोत्सारी पदार्थ तयार करायला सुरुवात केली आणि देशातल्या दवाखान्यांना ते मिळू लागले, असा माझा सातवा फलक होता. मी अजून पाचव्यावर होते.

"सुरक्षेसाठी," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

मी सातव्या फलकाकडं वळले आणि भरभर बोलून मोकळी झाले. टेम्पोत सामान भरताना चाचा म्हणाले, "बेटी, आज तुझं भाषण लई भारी झालं. सगळ्यांना घाम फुटला."

तेवढ्यात एक तरुण माणूस जवळ आला. बबन. उंच, उसाच्या पात्यांनी हातभर चरे पडलेले. तो प्रश्न त्याच्या भावजयीनं विचारला होता, आणि त्याच्या बायकोसाठी विचारला होता.

त्याची बायको कौसा. तिला पिशवीचा आजार, म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग, निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात शेक सुरू झाला, निम्मा झाला, आणि संक्रांतीला ती दोन दिवसांसाठी म्हणून घरी आली. संक्रांतीचं वाण घेऊन शेजारी गेली तर कुणी वाण घेतलं नाही. किरण अंगात राहतात, हातातून भाकरीत उतरतात, भाकरीतून लेकरांत, असं वाडीत कुणीतरी सांगितलं होतं. बबनच्या आईनं तिची चूल गोठ्यात मांडून दिली. "आई वाईट न्हाई ताई. नातवंडांचं भ्या घेतलंय तिनं."

"आणि आता?"

"डाक्टरचा फोन आलता. ह्या आठवड्यात गेली न्हाई तर झालेला शेक बी वाया जाईल म्हणले. मी जाऊन आलो. कौसी म्हणती, तू खातू का माझ्या हातची? मी खाल्ली तिच्यासमोर. तर म्हणती, तू खाणारच. आत्या खातील त्या दिवशी गाडीत बसंन. न्हाईतर नुसती जगून काय करू, सोताच्या घरात परक्यासारखी?" त्यानं चाचांच्या हातातला फलक टेम्पोत चढवून दिला. "तुमी तिकडंच चाललाव. शिकलेल्या हायत. आईला सांगा तेवढं."

मी हो म्हणाले. म्हणताना मला वाटलं, सोपं आहे, सातवा फलक नीट सांगायचा.

वडवणी

वडवणीत एका गिरणीशेजारी चाचांनी चहासाठी टेम्पो थांबवला आणि आम्ही दोघं शिंकून बेजार झालो. मिरची कांडायचं काम चाललं होतं. कांडणाऱ्यानं नाकातोंडावर उपरणं घट्ट बांधलेलं, फक्त डोळे उघडे, तेही लाल. दाराशी बायका डबे घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या तोंडावर काही नाही. एक जण आली, डबा घेतला, दोनदा शिंकली आणि गेली.

चहा हातात तसाच राहिला. कांडणारा तोंड बांधतो ते मिरचीत विष आहे म्हणून नाही. तो दिवसभर, वर्षभर तिथंच उभा असतो म्हणून. डाक्टरचंही तेच! मी चाचांना तिथंच समजावून सांगितलं. ते नाक पुसत म्हणाले, "हे तेलगावात सुचलं असतं तर?"

मांजरसुंब्याचा घाट

घाटाचं वर्णन करायला मी सरसावले होते. खाली पसरलेला माळ, वर बालाघाटाची उघडी टेकाडं, सीताफळीची पानगळ झालेली झाडं. पण नेमक्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, चाचांनी ब्रेक दाबला, आणि मागून असा आवाज आला की दोघांनी एकमेकांकडं बघितलंच नाही.

काचपेटीचे तुकडे झाले होते.

"गेली तुझी अप्सरा," चाचा म्हणाले.

काचा गोळा करून आम्ही पोत्यात भरल्या. वर मांजरसुंब्याला त्यांनी मला रबडी खाऊ घातली. दूध आटवून आटवून दाट केलेली, वर साईचे पदर. आमच्या बागायती दिंद्रुडला पाणी आहे, ऊस आहे, पण असं दूध नाही. हा कोरडा मुलूख जनावरांवर जगतो आणि त्याची चव दुधात उतरते. रबडीवाल्यानं आमची रडकथा ऐकली, आत गेला, आणि बिस्किटांची एक मोठी काचेची बरणी धुऊन आणून दिली. "हिच्यात बसंल का तुमची भट्टी?"

बसली. निळा दिवाही शाबूत होता. पुढचा सगळा इतिहास आम्ही बिस्किटांच्या बरणीत दाखवला.

पाटोदा

पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. शेळ्या, मिरच्या, दावणीचे दोर आणि त्यांच्यामध्ये आमचे फलक. एक पागोटेवाले आजोबा बरणीपुढं मांडी घालून बसले. अप्सरेचं नाव त्यांनी वाचलं होतं. "कवा नाचायची ही?"

"नाचली, बाबा," चाचा म्हणाले. "घाटात नाचली. म्हणून तर बरणीत आली."

हशा झाला आणि मग लोक ऐकायला बसले. मी भिंतींवरचा फलक आवरता घेतला आणि कांडप गिरणीचं सांगितलं. मिरच्या विकणारी बाई मान डोलवत होती. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पडल्यावर गयाबाईपुढं, म्हणजे बबनच्या आईपुढं, काय बोलायचं ते मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

वाडी

वाडीचं नाव लिहीत नाही. सकाळी पोचलो. हंगामात ही गावं कशी दिसतात ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. एकामागं एक दार, एकामागं एक कुलूप. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. मधलं वयच गावातून उचलून नेल्यासारखं. आमच्याकडं या दिवसांत रानं माणसांनी भरलेली असतात.

गयाबाई अंगणात शेण टाकत होती. सडपातळ, ताठ, कपाळावर ठसठशीत गोंदण. बबनचं नाव घेताच तिनं हात धुतले आणि चहा टाकला, दुधाचाच, पाणी नावाला. दोन नातवंडं तिच्या पदराला. अंगणापलीकडं गोठा, गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल, आणि चुलीपुढं एक बाई, आमच्याकडं बघत नसल्यासारखं करत बसलेली. कौसाबाई माझ्याहून फार मोठी नव्हती.

मी सातवा फलक सांगितला. किरण उन्हासारखे, आले नि गेले, अंगात राहत नाहीत. मग गिरणीचं सांगितलं. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"चटणी पोटात गेल्यावर बी जळजळ करतीच की," ती म्हणाली.

माझी वडवणीची अख्खी हुशारी एका वाक्यात संपली.

"आजी, मी खाते तिच्या हातची. तुमच्यासमोर."

"तुजं लगीन व्हायचंय. असलं नगं करू."

आणि पलीकडून, पहिल्यांदाच, कौसाबाई बोलली. "खाऊन काय हुतंय ताई? तू पाव्हणी. उद्या जाशील. मला काय तुज्या घरात नांदायचंय?"

तिचंही बरोबर होतं. खायचं होतं ते एकाच माणसानं, आणि ते माणूस चुलीकडं पाठ करून बसलं होतं. डाक्टरांच्या आठवड्यातला आता आज-उद्याचाच हिशोब उरला होता. शिकलेलं सगळं सांगून झालं होतं.

तेवढ्यात नातवंडांचा आवाज आला. दोघं कधीच पदर सोडून टेम्पोत चढली होती, आणि शेवटच्या फलकाखालची शेंगदाण्यांची बरणी उघडून मुठी भरून खात होती. चाचा त्यांना घेऊन आले. "खाऊ दे, खाऊ दे," मी म्हणाले, पण गयाबाईनं थोरल्याची मूठ उघडली. एक दाणा उचलला. उजेडाला धरला. नखानं लाल साल थोडी काढून बघितली.

"हे कुठं घावलं तुला?"

"आमच्या प्रदर्शनातलं आहे, आजी."

"परदर्शन नगं सांगू मला. हे माज्या माहेरचं बी हाय. माज्या भावाकडनं आलेलं. ह्या पोरांच्या बापानं ह्येच दाणं खाऊन दात काढलेत. कौसीच्या दोन्ही बाळंतपणाला लाडू ह्याचेच."

मी खोटं बोलणार नव्हते. "दिसतंय सारखं. पण नुसत्या दाण्यावरून वाण ओळखता येत नाही. दुसरंही असू शकतं."

"मला शिकवतीस?" ती उठूनच उभी राहिली. "लाली बघ. भराव बघ. भावाच्या गावात सरकारी माणूस नवं बी वाटून गेलता. तितनं मी आणलं. सगळ्या वाडीनं माज्याकडनं नेलंय, इचार कुणालाबी. आमचं बी मी वळखणार न्हाई?"

कुंपणापाशी दोनचार म्हाताऱ्या जमल्या होत्याच. एकीनं मान हलवली. "गयीचंच बी हाय ते. आमी बी तिच्याकडनंच नेलतं."

मी बोलायच्या आधी चाचा बोलले. माझंच भाषण, माझ्याच सुरात. "मग मावशी, नीट ऐका. शेवटचा फलक. ह्या बियाच्या आज्यापणज्याला शेक दिला होता. मुंबईत, समुद्रकाठी, त्या केंद्रात. त्यातनं हजार रोपं बघितली, वाईट फेकली, चांगलं निवडलं. किरण आले नि गेले. बियात राहिला तो फक्त गुण."

"आँ?" गयाबाई माझ्याकडं वळली. "खरं का ग?"

"हो. वाण तोच असेल तर."

थोरला नातू गालात दाणे धरून चावायचा थांबला होता.

आता तिनं एवढंच म्हणायचं होतं, की मग हे आमचं नव्हे. वाट मीच मोकळी करून ठेवली होती. एका शब्दात ती सुटली असती, आणि मी जे सांगायला आले होते ते तिथंच मेलं असतं. गयाबाई हातातल्या दाण्याकडं बघत राहिली. मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायांकडं बघितलं, ज्यांनी वर्षानुवर्षं तिच्याकडनं बी नेलं होतं. मग नातवंडांकडं.

तिनं दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"आमचंच हाय," ती म्हणाली.

गोठ्यातून हसू ऐकू आलं. दाबलेलं, मग न दाबता. गयाबाई तिकडं न बघताच खेकसली, "दात काय काढतीस? पीठ हाय का चुलीपाशी?"

"हाय की."

"मंग थाप. करपवू नगं."

बाजरीचं पीठ कणकेसारखं ऐकत नाही. पाणी जरा कमी झालं की कडा फाटतात. कौसाबाईची भाकर दोनदा मोडली, तिसऱ्यांदा काठवटीतून अख्खी उचलली गेली. तव्यावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तेवढ्या वेळात कुंपणाबाहेर आणखी दोघी आल्या. गयाबाई उठली, गोठ्यापर्यंत चालत गेली, चुलीपुढं बसली आणि हात पुढं केला. गरम भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि कुंपणाकडं तोंड करून खाल्ला, म्हणजे कुणाला नंतर शंका नको.

"जाड झालीय," ती म्हणाली.

"लई दिसांनी थापली आत्या. हात इसरला."

"परत ये, मग शिकव हाताला."

कौसाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि दुसरा गोळा घेतला. मलाही भाकर मिळाली. मी चव सांगणार नाही. माझं नाक गळत होतं, आणि ते मिरचीनं नव्हतं.

निघताना कुंपणापाशी मान हलवणारी ती म्हातारी हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली. "रथसप्तमी व्हायचीय अजून," असं कुणाकडंही न बघता म्हणाली, आणि कौसाबाईचं राहिलेलं वाण पदरात घेऊन गेली.

जे ठिकाण ठरलेलं नव्हतं

पाटोद्याच्या शाळेतला दुसरा कार्यक्रम मी फोनवर पुढं ढकलला. मंडळवाले रागावले. टेम्पो थेट शहरातल्या दवाखान्याकडं निघाला; पुढं आम्ही तिघं, मागं अणुसंशोधन केंद्र, आणि कौसाबाईच्या मांडीवर गयाबाईनं बांधून दिलेलं भाकरीचं फडकं.

वाटेत तिनं विचारलं, "ताई, आत्याला कळलं ते झालं. पर मला सांग, ते भाईर कावून पळतेत? मला फळीवर झोपवितेत, म्हणतेत हलू नगं, आन सगळे जण निगून जातेत. जाड दार लावतेत. तवा वाटतं, मला टाकून गेले."

म्हणजे तिची भीती ही होती, वाडीनं घालायच्या आधीपासूनची. मी पुन्हा गिरणी काढली, भीतभीतच. कांडणारा दिवसभर तिथंच असतो, म्हणून तोंड बांधतो. तू घटकाभर आत, तेही औषध म्हणून. तो तुझ्यानंतर दुसरीला देणार, तिसरीला देणार, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. तो आत थांबून थांबून आजारी पडला तर तुझ्या मागच्या बाईला शेक कोण देणार? आणि तो जात नाही कुठं. बाहेर काचेतून, पडद्यावर तुलाच बघत असतो.

"मलाच?"

"पूर्ण वेळ."

चाचांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं आणि यावेळी माझं भाषण कसं झालं ते सांगितलं नाही.

डाक्टर आधी रागावले, मग कागद बघितले, आणि म्हणाले, आज आलात हे बरं केलंत. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. त्यांनीही ठामपणे सांगितलं नाही. एवढं सांगते की कौसाबाईचा शेक पुरा झाल्याचा बबनचा फोन मला दिंद्रुडला परत आल्यावर आला, आणि तिची चूल आता घरात आहे. काचपेटी मी अजून घेतलेली नाही. बरणीच बरी.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. आत जाताना मला दारापर्यंत सोडलं होतं. खोलीत मधोमध ते यंत्र. त्याच्या पोटातला कोबाल्टचा तुकडा कुठल्या भट्टीत तयार होतो, ते माझ्या सातव्या फलकावर आहे, पण मी पहिल्यांदाच ते डोळ्यांनी बघत होते आणि हात जोडावेसे वाटले. कौसाबाई फळीवर आडवी झाली. यंत्र चालवणारा पोरसवदा माणूस तिला म्हणाला, "मावशी, हलू नका हां," आणि दाराकडं वळला, थोडा घाईतच.

फळीवरून, मान न हलवता, ती म्हणाली, "जा बाबा, जा भाईर. तुला रोजचं हाय."